जॅमीच्या नंतर, नोबलच्या आधी

प्रत्येक सोसायटीत असा एक असतोच. गच्चीची किल्ली, टाकीचा व्हॉल्व्ह आणि लिफ्टवाल्याचा नंबर ज्याच्याकडे असतो तो नव्हे; तो उपयोगाचा माणूस. मी म्हणतोय तो, जो तुमच्याकडे सत्यनारायणाच्या प्रसादाला येतो, द्रोण हातात घेतो आणि शिऱ्याचा पहिला घास तोंडात जायच्या आधी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे मान वळवून विचारतो, "कुठल्या व्हर्जनवर आहात?"

आपण भोळेपणानं म्हणतो, "काय की. चालतंय."

"चालतंय," तो द्रोण खाली ठेवतो, "हेच तर वाईट."

इथून पुढची संध्याकाळ त्याची.

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत हे खातं तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे आहे. उभा जन्म फोर्टातल्या एका विमा कचेरीत आणि सकाळच्या फास्ट लोकलमध्ये गेला. रिटायर झाल्यावर इतर लोक भजन, ब्रिज किंवा मधुमेह यांपैकी एक काहीतरी धरतात. काकांनी उबुंटू धरलं. उबुंटू म्हणजे लिनक्सचा फुकट मिळणारा एक अवतार. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये त्याची एक भारदस्त आवृत्ती निघते आणि तिला पाच वर्षं सपोर्ट मिळतो. लाँग टर्म सपोर्ट, म्हणजे एलटीएस. मधल्या सहामाही, म्हणजे इंटरिम, आवृत्त्यांना नऊच महिने, पुढे ज्याचं त्यानं बघायचं. काकांनी ही वर्गवारी माणसांनाही लावली आहे. फ्लॅटचे मालक एलटीएस, भाडेकरू इंटरिम. "तरी यांचा करार अकरा महिन्यांचा असतो," ते उदारपणे म्हणतात, "उबुंटूपेक्षा दोन महिने जास्तच."

माघारी सगळे त्यांना एलटीएस काकाच म्हणतात. त्यांना ते माहीत आहे आणि त्यांना तो गौरव वाटतो. एकदा खुर्चीत बसले की लवकर उठत नाहीत म्हणून ते नाव पडलंय, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

पूर्वी लोक जानव्याला कपाटाची किल्ली बांधायचे. काकांच्या जानव्याला पेनड्राइव्ह आहे, बत्तीस जीबीचा, त्यावर ताजी आवृत्ती. आंघोळीच्या वेळी तो काढून ठेवतात, पण जेवताना नाही. लग्नाच्या हॉलमध्ये, पंगतीत, शेजारच्या अनोळखी माणसानं लॅपटॉप हळू चालतो असं नुसतं पुटपुटलं, तर सदऱ्याच्या आत हात जातो. समोरच्याला वाटतं, छातीत दुखायला लागलं.

पण हे सगळं सोसता येतं. सोसवत नाही ते त्यांचं कॅलेंडर.

उबुंटूच्या आवृत्तीचा नंबर म्हणजे साल आणि महिना. ८.०४ म्हणजे २००८चा एप्रिल, इतकं सोपं आहे. तेव्हा एखाद्या सरळ माणसानं 'दोन हजार आठ' म्हटलं असतं. पण प्रत्येक आवृत्तीला एक टोपणनावही असतं, एक विशेषण आणि एक प्राणी, दोन्ही एकाच अक्षरावरून. ८.०४ म्हणजे हार्डी हेरॉन. मग काकांच्या थोरलीचं लग्न हार्डीत झालं. धाकटीचं लुसिडमध्ये, "म्हणजे खिडक्यांची बटणं उजवीकडून डावीकडे गेली त्या साली." नातू ट्रस्टीतला. जावयाची नोकरी गेली यूटोपिकमध्ये, लागली विव्हिडमध्ये. म्हणजे फक्त सहा महिने घरी होता, हे आपण बोटांवर मोजून काढायचं.

पासपोर्टच्या चौकशीला हवालदार आला होता. या पत्त्यावर कधीपासून राहता, असं त्यानं रीतसर विचारलं.

"गट्सीपासून."

हवालदारानं वहीत लिहिलं आणि विचारलं, "तालुका?"

सोसायटीच्या वार्षिक सभेत ऑडिटरनं हरकत घेतली की बाहेरच्या रंगकामाच्या एका बिलावर तारीख नाही. काका तेव्हा खजिनदार होते. ते उठले, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, "जॅमीच्या नंतर, नोबलच्या आधी." सेक्रेटरी नवीन होता. त्यानं ते जसंच्या तसं इतिवृत्तात घेतलं आणि पुढच्या सभेत ते एकमतानं मंजूरही झालं. जॅमी जेलीफिश २०२२ची आणि नोबल नम्बॅट २०२४ची, हे उपनिबंधक कार्यालयात कुणाला ठाऊक असेल तर रंगाऱ्याचं भलं होईल.

याचा कळस झाला तो दुसऱ्या मजल्यावरचे अप्पा गेले तेव्हा. सगळे खाली जमलेले, रडारड ओसरलेली, अँब्युलन्सची वाट. काका माझ्याजवळ आले, मान हलवली आणि खरोखर भरल्या गळ्यानं म्हणाले, "शेवटपर्यंत ट्रस्टीवरच होते रे."

या प्राण्यांवर त्यांचा जीव आहे. खवले मांजर आमच्या कोकणात सापडतं, आणि २०१२ची आवृत्ती प्रिसाइज पँगोलिन. म्हणून त्या आवृत्तीकडे ते गाववाली म्हणून बघत. ६.०६ पासून नावं इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमानं येतात. २०१७च्या एप्रिलात झेस्टी झेपस आली, म्हणजे झेड झालं, आता पुढे काय, या विचारानं काकांची झोप उडाली होती. घरचं कुणी आजारी आहे का, असं वॉचमननं मला विचारलं. ऑक्टोबरात आर्टफुल आर्डवार्क आली, ए पासून पुन्हा सुरुवात झाली, आणि काकांनी मजल्यावर पेढे वाटले. कसले म्हणून विचारायची कुणाची छाती झाली नाही. उत्तर लांबलं असतं.

एके काळी उबुंटूवाले सीडी पोस्टानं घरपोच फुकट पाठवत. दक्षिण आफ्रिकेचा मार्क शटलवर्थ, जो २००२ साली स्वतःच्या खर्चानं अंतराळात जाऊन आला, त्याच्या पैशांवर हे सगळं उभं राहिलं. काका त्याला 'आमचा शटलवर्थ' म्हणतात, माहेरचा असल्यासारखा. २०११मध्ये ती सीडीची योजना बंद झाली, पण तोवर काकांनी गठ्ठेच्या गठ्ठे मागवले होते आणि दारोदार वाटले होते. आमच्या लोकांनी त्या सीडींचा जो उपयोग करायचा तो केला. दोरा ओवून गॅलरीत टांगल्या, कबुतरं येऊ नयेत म्हणून. काका खाली उभं राहून एकेक गॅलरी निरखत होते. मला वाटलं, आता भडकणार. ते म्हणाले, "दुसऱ्या मजल्यावर हार्डी आहे बघ. बगळा तो. त्याच्यासमोर कबुतर कसलं टिकतंय?" दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी त्या घरात जाऊन कॉम्प्युटर अपग्रेड केला. सीडी शिडीवर चढून स्वतः सोडवली आणि काम झाल्यावर पुन्हा बांधून दिली.

लॉकडाउनमध्ये आम्हांला वाटलं, आता सुटलो. फोकल फोसा २०२०च्या एप्रिलात निघाली होती, पण काकांचं एक तत्त्व आहे. एलटीएसवरून एलटीएसवर जायचं तर 'पॉइंट वन' येईपर्यंत थांबायचं, म्हणजे इतरांचे हात पोळून झालेले असतात. हे तत्त्व त्यांचं एकट्याचं नाही, उबुंटूसुद्धा जुन्या एलटीएसवाल्याला नव्या एलटीएसचं बोलावणं पॉइंट वननंतरच धाडतं. ते पॉइंट वन आलं ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. बाहेर पाऊस, काका सत्तरीच्या पुढचे, दाराबाहेर पडायला मुलींची बंदी. समोरच्या इमारतीतल्या जोशांकडे जायची सोय नाही. पण गॅलऱ्या समोरासमोर होत्या.

"टर्मिनल उघडा!" काका ओरडले. "लिहा! एस, यू, डी, ओ! स्पेस!"

थोडा वेळ गेला. "लिहिलं!" जोशी ओरडले. "सुडोस्पेस!"

"अहो स्पेस लिहायची नाही, स्पेस द्यायची!"

"किती देऊ?"

"एक! मग डू, हायफन, रिलीज, हायफन, अपग्रेड!"

आता तळमजल्यापासून गच्चीपर्यंत माणसं गॅलरीत आली होती. त्या दिवसांत करमणूक तशी कमीच. जोशांनी एंटर दाबलं. पलीकडून आवाज आला, "पासवर्ड मागतोय! टाकतोय, पण उमटत नाहीये!"

"तो उमटत नसतो! दिसला नाही तरी टाका!"

"टाकला! बरोबर टाकलाय का पण?"

"मला काय माहीत?"

"मोरया एक दोन तीन! एम कॅपिटल!"

दोन्ही इमारती क्षणभर शांत झाल्या. मग कुठल्या तरी मजल्यावरून एक पोरगा ओरडला, "बरोबर आहे काका, वायफायचापण तोच आहे!"

अपग्रेडला 'अर्धा तास' लागतो. हा काकांचा अर्धा तास. त्यात दुपारचा चहा, संध्याकाळचा चहा, मधलं काहीतरी खारं आणि एखाद वेळी पिठलं-भात येतो. पडद्यावर पाकिटांची नावं सरकत असतात, आणि काका ती मंद आवाजात वाचत असतात. त्यातलं बहुतेक आपोआप होतं. पण मध्येच एकदा यंत्र थांबतं आणि विचारतं: अमुक फाइलीत तुम्ही पूर्वी बदल केलेले दिसतात, आता तुमची जुनी ठेवू की आमची नवी घालू? वाय, एन, असे पर्याय असतात. इथे काका खुर्चीत सरळ होतात. घरातल्या सगळ्यांना बोलावतात. प्रश्न मोठ्यानं वाचतात. आणि एन दाबतात. जुनी ठेवा. दर वेळी, दर घरात. मी एकदा विचारलं की नव्याचा एवढा सोस, मग ऐन वेळी जुनं का? म्हणाले, "माणसानं मुद्दाम हात लावून काही बदललं असेल, तर त्याचं कारण असेल. मशीनला काय कळतंय? शंका आली की एन."

मग अपग्रेड होतं. यंत्र पुन्हा सुरू होतं, आणि काहीतरी गेलेलं असतं. कधी प्रिंटर, कधी आवाज, कधी मराठी टायपिंगचा लेआउट. खरं सांगायचं तर नवेपणाचा यात दोष कमी असतो. काका बोलायच्या भरात भलतीकडे टिचकी मारतात. एकदा लाइट गेले आणि यूपीएस काकांनीच 'अर्ध्या तासासाठी' दुसऱ्या घरी नेला होता. पण एक मान्य केलं पाहिजे. गेलेली गोष्ट परत आणल्याशिवाय हा माणूस जात नाही. आमच्या पलीकडच्या वहिनींचा प्रिंटर हलेना, तेव्हा ते रात्री एकपर्यंत बसले. वहिनी पेंगत होत्या, त्यांचे यजमान आत घोरत होते, आणि काका सोफ्याच्या कडेवर मांडीवर कीबोर्ड घेऊन चाचणीचं पान छापत होते. शेवटी पान आलं. काकांनी ते वहिनींना न उठवता टीपॉयवर ठेवलं, दार लोटून घेतलं आणि गेले. पैसे विचारायचे नाहीत. विचारलेत तर दुखावतात, आणि दुखावले की पुन्हा बसतात.

गेल्या ऑक्टोबरात मात्र त्यांनी धुमाकूळ घातला. विंडोज टेनचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज इलेव्हनला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. आमच्या सोसायटीतली निम्मी यंत्रं सहाव्या-सातव्या पिढीची. ठणठणीत, पण नापास. वर दिवाळी आठवड्यावर आलेली. काकांनी यादी केली आणि मजल्यामजल्यानं निघाले. "चांगलं मशीन भंगारात द्यायचं? निव्वळ कुणी दुसऱ्यानं ठरवलं म्हणून?" या वाक्यात, काकांच्या बाकीच्या सगळ्या वाक्यांत मिळून असेल त्याहून जास्त तथ्य होतं, आणि ते आम्हांला पटलंही. धडधाकट वस्तू नुसत्या एका तारखेनं म्हातारी ठरवायची, ही युक्ती ज्याला सुचली त्याला विमा कचेरीतही बढती मिळाली असती. आणखी एक वर्ष सुरक्षेचे अपडेट घेत राहायची सोय आहे, हे मात्र काकांनी कुणाला सांगितलं नाही. लोकांनी घरची साफसफाई थांबवली, चकल्या पुढे केल्या. नरकचतुर्दशीपर्यंत आमची सोसायटी जवळजवळ सगळी नोबलवर होती, आणि काकांचं पोट बिघडलं होतं.

जवळजवळ सगळी म्हणालो, कारण एक कॉम्प्युटर राहिला. तो काकांच्या स्वतःच्या घरात आहे.

तो काकूंचा. विंडोज एक्सपी. पडद्यावर तीच हिरवी टेकडी आणि निळं आभाळ. एक्सपीचा सपोर्ट २०१४च्या एप्रिलात संपला. काकूंनी इंटरनेटची तार २०१४च्या मार्चमध्येच काढून टाकली, म्हणजे नवऱ्याला बोलायला जागा नको. काकू कथा लिहितात. महिला मंडळाच्या अंकात येतात, एखादी गावाकडच्या दिवाळी अंकात. सगळ्या कथा त्या यंत्रात, सी-डॅकच्या जुन्या आयएसएमवर, 'सुरेख' नावाच्या फाँटमध्ये टाइप केलेल्या. युनिकोड घराघरांत पोहोचायच्या आधीचे हे मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत. फाँट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की कथेच्या जागी नुसता रोमन अक्षरांचा आणि टिंबाटोप्यांचा सडा. त्यामुळे काकूंचा नियम एका ओळीचा आहे. त्या कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. ज्या माणसानं दोन इमारती पालथ्या घातल्या तो आपल्याच घरात त्या टेबलाजवळून जाताना हात मागे बांधतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मी एकदा छेडलं. काकू आतून म्हणाल्या, "शंका आली की एन."

हे मी बरेच दिवस विनोद म्हणून सांगत होतो. परवा काका आले. कुठल्या व्हर्जनवर आहेस, असं विचारलं नाही, तेव्हाच मला चमत्कारिक वाटलं. हातात छापील पानं होती.

"तू लिहितोस ना? मला एक सांग. इथे 'दर्या' पाहिजे का 'दऱ्या'?"

मी वाक्य वाचलं. घाट, धुकं, एसटी. "दऱ्या."

"हां." त्यांनी पेन्सिलीनं खूण केली. मग हळूहळू बाहेर आलं. ती हार्ड डिस्क आवाज करायला लागली आहे. किती दिवस काढेल, सांगता येत नाही. काकू भिशीला गेल्या की हे त्या फाइलींची प्रत घेतात. मूळ फाइलीला धक्का लावत नाहीत, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. प्रतीवर कन्व्हर्टर चालवून ते युनिकोड करतात. पण जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी ठेवलेली असते आणि रफार नंतर. यंत्राला ती अदलाबदल नेमकी जमत नाही. जोडाक्षर आलं की घसरतं. म्हणून मग ओळ न् ओळ वाचून, एकेक रफार हातानं जागेवर न्यायचा. रात्री, त्या झोपल्यावर. तीन-चार वर्षं चाललंय.

"जॅमीत सुरू केलं," ते म्हणाले.

"काकूंना माहितीये?"

"तिला कशाला? ती म्हणेल, हात लावलास." पानं सारखी करत राहिले. "पण एक झालं. तिच्या कथा मी कधी वाचल्याच नव्हत्या रे. म्हणजे अंक घरी यायचा, नाव बघायचो, चांगलं वाटायचं. आता रफार बघायचा म्हणजे सगळं वाचावंच लागतं. बरं लिहिते."

मी काहीच बोललो नाही. माझ्याकडे त्यांना द्यायला चकलीही नव्हती.

"ही आता चालू आहे ना," त्यांनी वरचं पान पुढे केलं, "हिच्यात एक नवरा आहे. लोकांच्या घरी जाऊन घड्याळं दुरुस्त करतो. फुकट. तासन् तास. आणि त्याच्या घरचं घड्याळ बंद. पात्र जरा अतिरंजित वाटतं मला. तुला काय वाटतं?"

"कधीची कथा आहे?" मी विचारलं.

"फाइलवर तारीख आहे ना. ब्रीझीतली. दोन हजार पाच." जन्मात पहिल्यांदा त्यांनी साल सांगितलं. "एलटीएस यायच्या आधीची."

"शेवट काय आहे?"

"तिथवर कुठे पोचलोय अजून," काका म्हणाले. "रफार खूप आहेत."